लालाग्रंथी आणि रक्ताची साक्ष

दिल्लीचा उन्हाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला कोरड म्हणजे काय हे सांगावयास नको. मे महिना लागला की पश्चिमेकडून लू वाहू लागते, पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, ओठ फुटतात, डोळ्यांत धूळ जाते आणि पाण्याच्या घोटावाचून तोंडातून शब्द निघत नाही. शहराच्या दक्षिण भागात सरोजिनी नगर ही सरकारी नोकरांची जुनी वसाहत आहे. एके काळी विनयनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागात देशाच्या सर्व प्रांतांतून बदलून आलेली कुटुंबे राहत आली. आता तेथील जुन्या घरांची जागा उंच इमारती घेत आहेत. या वसाहतीतील पन्नाशीच्या एखाद्या गृहिणीने तोंड सारखे कोरडे पडते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते अशी तक्रार केली, तर तिला काय उत्तर मिळेल याची कल्पना सहज करता येते. उन्हाळ्यात ती लू ठरते, हिवाळ्यात धूर आणि धुके ठरते आणि उरलेल्या महिन्यांत वय ठरते. तक्रारीला एखादे कारण चिकटवले म्हणजे तक्रारच मिटली, असे मानण्याची माणसाची सवय जुनी आहे.

परंतु पावसाळा येतो, हवा दमट होते, आणि तरीही त्या गृहिणीचे तोंड कोरडेच राहते. पोळीचा किंवा भाकरीचा घास पाण्यावाचून उतरत नाही. रात्री उशाशी पाण्याचे भांडे ठेवल्याशिवाय झोप लागत नाही. जेवणातील थोडेसे तिखटही जिभेला चटका देते. पूर्वी धडधाकट असलेले दात हिरडीलगत एकामागून एक किडू लागतात. बोटांचे सांधे सकाळी आखडतात आणि थकवा विश्रांतीनेही जात नाही. हा ऋतूचा दोष नव्हे. शरीराच्या संरक्षक यंत्रणेनेच लाळ व अश्रू निर्माण करणाऱ्या ग्रंथींवर चाल केली असण्याचा येथे संभव असतो. या व्याधीला तिचे सविस्तर वर्णन करणाऱ्या स्वीडिश नेत्रवैद्याच्या नावावरून शोग्रेन व्याधी असे म्हणतात.

या व्याधीत रोग्याच्या रक्तात स्वतःच्याच ऊतींविरुद्ध कार्य करणारी प्रथिने आढळतात. त्यांना आत्मप्रतिपिंडे म्हणतात. ती शोधण्याच्या चाचण्या आज मोठ्या शहरांत सुलभ झाल्या आहेत आणि त्यामुळे एक नवा भ्रम पसरत आहे. रक्त तपासले की रोग कळला, आणि रक्तात काही दिसले नाही की रोग नाही, असा हा भ्रम होय. वस्तुतः प्रतिपिंड हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याची साक्ष मोलाची असते, पण ती इतर पुराव्यांशी ताडून पाहावी लागते. आणि पहिला पुरावा म्हणजे रोग्याने स्वतः सांगितलेली हकीकत. लालाग्रंथींविरुद्धच्या प्रतिपिंडांचा गेल्या सहा-सात दशकांचा इतिहास हाच धडा पुन्हा पुन्हा देतो.

लाळेचे कार्य

निरोगी मनुष्याच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. कानांपुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली असलेल्या ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या तिचा बहुतेक भाग पुरवतात. याखेरीज ओठ, गाल व टाळू यांच्या आतल्या अस्तरात शेकडो लहान ग्रंथी विखुरलेल्या असतात. प्रत्येक ग्रंथीत स्राव तयार करणारे पेशींचे पुंजके आणि तो स्राव वाहून नेणाऱ्या बारीक नलिका अशी रचना असते.

लाळ म्हणजे केवळ पाणी नव्हे. तिच्यातील श्लेष्मल द्रव्यांमुळे घास निसरडा होऊन गळ्यातून उतरतो. तिच्यातील एक विकर पिष्टमय पदार्थांच्या पचनास आरंभ करते. तिच्यातील क्षार अन्नातून उत्पन्न होणारे अम्ल निष्प्रभ करतात आणि दातांच्या कवचातून झिजलेले कॅल्शियम व फॉस्फेट त्यास परत मिळवून देतात. तोंडात सदैव वावरणारे जंतू व बुरशी यांना आवर घालणारी द्रव्येही तिच्यात असतात. म्हणून लाळ आटली की तोंडचे पाणी पळाले एवढ्यावर भागत नाही. दात, जीभ, गिळणे, बोलणे, झोप व आहार या सर्वांना धक्का बसतो. माणसाला स्वतःच्या लाळेची आठवण ती असेपर्यंत होत नाही, आणि ती नाहीशी झाल्यावर क्षणभरही विसर पडत नाही.

कुंपण शेत खाऊ लागते तेव्हा

बाहेरून आलेले जंतू ओळखणे आणि त्यांना नष्ट करणे हे प्रतिरक्षा यंत्रणेचे काम आहे. त्यासाठी काही लसिकापेशी प्रतिपिंडे निर्माण करतात. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी असे मत मांडले होते की, शरीर स्वतःविरुद्ध विष निर्माण करण्यास स्वभावतःच कचरते. त्यांच्या अधिकाराचा प्रभाव असा की, कुंपणच शेत खाऊ शकते ही कल्पना पुढे सुमारे अर्धे शतक अनेकांना असंभाव्य वाटत राहिली. १९५६ मध्ये लंडन येथे आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक व त्यांचे सहकारी यांनी अवटू ग्रंथीच्या एका व्याधीत रोग्यांच्या रक्तात त्याच ग्रंथीतील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असल्याचे दाखवले. त्यानंतर हा प्रश्न उघड्या मनाने पाहिला जाऊ लागला.

कोरड्या तोंडाची व डोळ्यांची हकीकत मात्र त्यापूर्वीच नोंदली गेली होती. १९३३ मध्ये हेन्रिक शोग्रेन यांनी स्टॉकहोम येथे सादर केलेल्या प्रबंधात एकोणीस स्त्रियांचे वर्णन केले. सर्वांचे डोळे कोरडे होते आणि तेरा जणींना सांध्यांचा चिवट दाह होता. डोळे, तोंड व सांधे यांच्या तक्रारी एकाच रोगाची अंगे असावीत, हे त्यांचे प्रतिपादन होते. परीक्षकांना प्रबंध विशेष मोलाचा वाटला नाही आणि विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळण्याइतकी श्रेणी त्यास लाभली नाही. १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य ब्रूस हॅमिल्टन यांनी त्याचे इंग्रजीत भाषांतर केल्यावर तो जगासमोर आला. शोग्रेन यांच्यापाशी प्रतिपिंडांची कोणतीही चाचणी नव्हती. त्यांच्यापाशी होते ते रोग्यांचे बोलणे, साधे रंजकद्रव्य, सूक्ष्मदर्शक आणि निरनिराळ्या तक्रारी एकत्र ठेवून पाहण्याची बुद्धी. व्याधीचा शोध लागला तो एवढ्याच साधनांनी, ही गोष्ट आजच्या वैद्यकाने विसरू नये.

चमकणाऱ्या नलिका

आत्मप्रतिपिंडांची कल्पना रुजल्यावर शोग्रेन व्याधीतही त्यांचा शोध सुरू झाला. १९५८ मध्ये ब्रिटनमधील नेत्रवैद्य बॅरी जोन्स यांनी रोग्यांच्या रक्तरसात अश्रुग्रंथी व लालाग्रंथी यांच्या अर्काशी संयोग पावून साका तयार करणारी प्रतिपिंडे असल्याचे प्रसिद्ध केले. १९६४ मध्ये डेन्मार्कमधील बर्ट्राम व हॅल्बर्ग यांनी त्याहून नेमका दावा केला. लालाग्रंथीच्या अतिशय पातळ चकतीवर रोग्याचा रक्तरस टाकावयाचा आणि चकतीला चिकटलेले प्रतिपिंड प्रकाशमान रंजकाने ओळखावयाचे, अशी ती पद्धत. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथीच्या नलिकांचे अस्तर चमकू लागले. लालाग्रंथींच्या नलिकांविरुद्धचे विशिष्ट आत्मप्रतिपिंड सापडले, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

निष्कर्ष मोठा आकर्षक होता. ज्या ग्रंथीचा नाश होतो तिच्याच विरुद्धचे प्रतिपिंड सापडावे, याहून सरळ पुरावा कोणता? परंतु लवकरच काही विसंगती दिसू लागल्या. १९६७ मध्ये ग्लासगो येथील संशोधकांनी हेच प्रतिपिंड लाळेची काहीही तक्रार नसलेल्या पण सांध्यांच्या दाहाने पीडित असलेल्या रोग्यांतही असल्याचे नोंदवले. पुढील अभ्यासांतून असे दिसले की, ज्यांना सांध्यांचा दाह व कोरडेपणा अशा दोन्ही तक्रारी आहेत त्यांच्यात ते पुष्कळदा आढळते, आणि ज्यांना केवळ तोंडाचा व डोळ्यांचा कोरडेपणा आहे त्यांच्यात ते क्वचित आढळते. लालाग्रंथीचा शत्रू लालाग्रंथीच्या निव्वळ रोगातच कमी सापडावा, हे कोडेच होते. तथापि पाठ्यपुस्तकांतून हे प्रतिपिंड दीर्घकाळ आपले स्थान टिकवून राहिले.

मुंबईचा एक शोध आणि कोड्याचा उलगडा

या कोड्याची किल्ली रक्तगटांत होती. १९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी मानवी रक्ताचे गट शोधून काढले. ज्याच्या तांबड्या पेशींवर ए हे द्रव्य नसते, त्याच्या रक्तरसात त्या द्रव्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. बी या द्रव्याचेही तसेच. ही प्रतिपिंडे कोणत्याही रोगाची खूण नसून निरोगी माणसाच्या रक्तातही स्वभावतः असतात. शिवाय रक्तगटाची द्रव्ये केवळ रक्तात नसतात. बहुसंख्य लोकांच्या लाळेतही ती उतरतात.

या विषयात महाराष्ट्राचा एक सन्मान्य वाटा आहे. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अशा व्यक्तींची नोंद केली, की ज्यांच्या तांबड्या पेशींवर ए व बी ही द्रव्ये तर नव्हतीच, पण ओ गटातील सर्व लोकांत आढळणारे एच हे मूलद्रव्यही नव्हते. जगभर हा गट ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने ओळखला जातो. अशा व्यक्तींच्या लाळेतही ही तिन्ही द्रव्ये नसतात. रक्तगट आणि लाळ यांचा संबंध किती निकटचा आहे, हे त्या काळीच अभ्यासकांस ठाऊक होते, असे यावरून दिसते.

२००० साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी नलिकांच्या त्या जुन्या चमकेची नव्याने तपासणी केली. त्यांनी दाखवून दिले की, रक्तगटाची सर्वसामान्य प्रतिपिंडे लालाग्रंथीच्या चकतीवरील रक्तगट-द्रव्यांना चिकटतात आणि आत्मप्रतिपिंडाचा हुबेहूब आभास निर्माण करतात. चकती ज्या व्यक्तीच्या ग्रंथीची आणि रक्तरस ज्या रोग्याचा, त्या दोघांचे रक्तगट जुळत नसले की नलिका चमकणार. रोगाशी तिचा संबंध असेलच असे नाही. छत्तीस वर्षे ज्याला आरोपी समजण्यात आले, तो पुष्कळ वेळा रस्त्याने जाणारा निरपराध वाटसरू होता. चोर सोडून संन्याशाला सुळी, यातलाच हा प्रकार.

हा वृत्तांत १९६४ च्या संशोधकांना दोष देण्यासाठी येथे सांगितलेला नाही. त्यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे नोंदले, आणि विज्ञानाने आपली चूक स्वतःच दुरुस्त केली, ही त्याची थोरवी होय. परंतु दुरुस्तीला इतकी वर्षे लागली, हेही तितकेच खरे आहे. डोळ्यांना दिसणारी चमक मनालाही दिपवते, आणि दिपलेले मन पुढचा प्रश्न विचारावयाचे थांबते.

विश्वसनीय साक्षीदार आणि त्याच्या मर्यादा

मग शोग्रेन व्याधीत भरवशाचे प्रतिपिंड कोणतेच नाही काय? आहे, परंतु ते लालाग्रंथीपुरते मर्यादित नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत क्लार्क, राइक्लिन व टोमासी यांनी ‘रो’ नावाच्या प्रतिजनाविरुद्धचे प्रतिपिंड शोधले आणि १९७४ मध्ये मॅटिओली व राइक्लिन यांनी ‘ला’ या प्रतिजनाविरुद्धचे. ही दोन्ही नावे रोग्यांच्या नावांतील अक्षरांवरून पडली. १९७५ मध्ये अल्स्पॉ व टॅन यांनी शोग्रेन व्याधीतील जी दोन प्रतिपिंडे वर्णिली, ती हीच असल्याचे पुढे सिद्ध झाले. रो व ला ही प्रथिने शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात. म्हणजे जे प्रतिपिंड कसोटीस उतरले ते ग्रंथीचे खास शत्रू नव्हे, आणि जे ग्रंथीचे खास शत्रू वाटले ते कसोटीस उतरले नाही. निसर्ग माणसाच्या तर्काला सोयीचा असेलच असे नाही.

रो-विरोधी प्रतिपिंडाची साक्षही मर्यादितच आहे. शोग्रेन व्याधीच्या सर्व रोग्यांपैकी साधारणतः साठ ते सत्तर टक्क्यांत ते आढळते. म्हणजे सुमारे एक तृतीयांश रोग्यांच्या रक्तात ते मिळत नाही. उलट, त्वचा, सांधे व मूत्रपिंडे यांना ग्रासणाऱ्या ल्यूपस नावाच्या व्याधीतही ते असते, आणि काही निरोगी व्यक्तींतही सापडते. काहींच्या बाबतीत ते लक्षणांच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात असते. अहवालात ते दिसले नाही म्हणून रोग्याला परत पाठवणे आणि केवळ ते दिसले म्हणून निरोगी माणसाला रोगी ठरवणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अन्यायाच्या होत.

संशोधनासाठी रोगी निवडताना वापरावयाचे जे आंतरराष्ट्रीय निकष २०१६ मध्ये ठरले, त्यांतील गुणांची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. रो-विरोधी प्रतिपिंडास तीन गुण आहेत. ओठाच्या आतील लहान ग्रंथींच्या ऊतक-परीक्षेत लसिकापेशींचे ठरावीक प्रमाणात पुंजके आढळल्यास तीन गुण. आणि अश्रूंची मोजणी, लाळेची मोजणी व डोळ्याच्या पृष्ठभागाची रंजकाने केलेली पाहणी यांना प्रत्येकी एक गुण. व्याधीच्या गटात गणना होण्यास किमान चार गुण लागतात. तेव्हा रक्ताचा अहवाल कितीही ठळक असला तरी तो एकटा पुरेसा नाही. तज्ज्ञांनी साक्षीदाराला योग्य तो मान दिला, पण न्यायासन दिले नाही.

असे असूनही जुन्या मोहाची पुनरावृत्ती होतच असते. २०१२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी लालाग्रंथींतील काही विशिष्ट प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे व्याधीच्या अगदी आरंभी दिसतात, असे प्रसिद्ध केले. त्यांवर आधारलेल्या चाचण्या विक्रीसही आल्या. पुढील अभ्यासांत मात्र त्या निष्कर्षांना सर्वत्र सारखा दुजोरा मिळाला नाही. ग्रंथींना स्राव सोडण्याची आज्ञा देणाऱ्या चेतातंतूंचा संदेश जेथे पोहोचतो, त्या ग्राहक रेणूंविरुद्धची प्रतिपिंडे हा दुसरा विषय. ग्रंथीच्या काही पेशी जिवंत असूनही लाळ का स्रवत नाही, याचे उत्तर त्यांत असू शकेल. परंतु त्यांची सर्वमान्य चाचणी अद्याप नित्याच्या वापरात आलेली नाही. संशोधन चालू राहिलेच पाहिजे. तथापि प्रयोगशाळेतील आशा आणि दवाखान्यातील निदान यांच्यामध्ये पुराव्याची जी पायरी असते, ती गाळून पुढे जाता येत नाही.

दुर्मिळ की दुर्लक्षित?

भारतात ही व्याधी फारच विरळा आहे, असे पुष्कळ काळ समजले जात होते. २००३ मध्ये लखनौच्या संजय गांधी संस्थेतील वैद्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच तिच्या दुर्मिळतेचा उल्लेख होता. २०१५ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातील वैद्यांनी मात्र ३३२ रोग्यांचा वृत्तांत मांडला. अवघ्या बारा वर्षांत रोग इतका वाढला असेल असे मानण्यापेक्षा, शोधणाऱ्या नजरा वाढल्या असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जे विचारले जात नाही ते आढळत नाही, आणि जे आढळत नाही ते दुर्मिळ ठरते.

या व्याधीत साधारण दहा रोग्यांपैकी नऊ स्त्रिया असतात, आणि त्यांतील बहुतेक मध्यम वयाच्या. कुटुंबात सर्वांचे जेवण झाल्यावर जेवणारी, आपले दुखणे शेवटी सांगणारी अशी ही व्यक्ती असते. तिच्या तक्रारीही अशा की ज्यांना ताप नाही, रक्तस्राव नाही, सूज असली तर थोडीशी. कोरड मोजण्याचे कष्ट कोणी घेत नाही. दंतवैद्य दात भरतो, नेत्रवैद्य डोळ्यांत घालावयाचे थेंब देतो, तिसरा सांध्यांसाठी वेदनाशामक गोळी देतो. आणि १९३३ मध्ये एकत्र जोडलेल्या तीन गोष्टी पुन्हा तीन खोल्यांत विखुरल्या जातात.

विचारण्याने काय साध्य होते, याचे उत्तम उदाहरण दिल्लीजवळच आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था ही सरोजिनी नगरापासून फार दूर नाही. तेथील डॉ. आ. ना. मालवीय व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या दक्षिणेस बल्लभगढच्या ग्रामीण भागात घरोघर जाऊन सांध्यांच्या चिवट दाहाची पाहणी केली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतानुसार ३९,८२६ प्रौढांनी प्रश्नांची उत्तरे दिली आणि २९९ जणांना ती व्याधी असल्याचे आढळले. म्हणजे हजारांमागे सात ते आठ. महाराष्ट्रातही पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये भिगवण या गावी अशीच घरोघर पाहणी सुरू केली. दोन्ही ठिकाणी आरंभ झाला तो रक्ताच्या नळीने नव्हे, तर प्रश्नाने. आधी प्रत्येकास विचारावयाचे, मग ज्यांच्या उत्तरात संशयास जागा आहे त्यांना तपासावयाचे, आणि त्यानंतर आवश्यक त्या चाचण्या करावयाच्या. हा क्रम कोरड्या तोंडालाही तितकाच लागू पडतो.

काय केले पाहिजे

केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९५४ मध्ये दिल्लीत आरोग्ययोजना सुरू झाली आणि तिचे दवाखाने सरकारी वसाहतींतून पसरले. अशा कोणत्याही दवाखान्यात, तसेच महाराष्ट्रातील कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात, पुढील गोष्टी अल्प खर्चात होऊ शकतात.

प्रथम तीन प्रश्न विचारावेत. तोंड तीन महिन्यांहून अधिक काळ रोज कोरडे असते काय? कोरडा घास गिळताना पाणी प्यावे लागते काय? डोळ्यांत वाळू असल्याचा भास वारंवार होतो काय? यानंतर रोगी घेत असलेल्या औषधांची चौकशी करावी. कारण मनोविकारांवरील, सर्दीवरील व रक्तदाबावरील काही औषधांनी लाळ कमी होते. मधुमेह, यकृताचा सी प्रकारचा विषाणुजन्य दाह आणि डोक्या-मानेवर दिलेले किरणोपचार हीही कोरडेपणाची कारणे आहेत. ही कारणे वगळल्याशिवाय आत्मप्रतिपिंडांकडे वळणे म्हणजे दार उघडे असता भिंत फोडणे होय.

पुढची पायरी मोजणीची. रोग्याने पंधरा मिनिटे स्वस्थ बसून तोंडात जमेल ती लाळ खुणा केलेल्या पेल्यात सोडावी. ती दीड मिलिलिटर किंवा त्याहून कमी भरल्यास स्राव निश्चित कमी आहे. डोळ्यांसाठी जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये सुचवलेली टीपकागदाच्या पट्टीची चाचणी आहे. खालच्या पापणीत अडकवलेली पट्टी पाच मिनिटांत पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर अश्रू अपुरे आहेत. गर्दीच्या दवाखान्यात वैद्याला इतका वेळ कोठून मिळणार, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो निराधार नाही. परंतु या पंधरा मिनिटांत वैद्याने समोर बसावयाचे नसते. रोगी बाहेरच्या बाकावर तासभर वाट पाहत असतोच. त्यातील पाव तास पेला हातात धरून गेला तर काय बिघडले?

या चाचण्यांत संशय बळावला म्हणजे रक्ताच्या साक्षीची वेळ येते. तेव्हा ती अवश्य घ्यावी आणि आवश्यक तेथे ओठाच्या ग्रंथींची ऊतक-परीक्षा करावी. प्रतिपिंडांच्या चाचण्या निरुपयोगी आहेत, असा कोणी यातून अर्थ काढू नये. एका प्रसंगी तर रो-विरोधी प्रतिपिंडाचे ज्ञान एका नव्या जिवाचे रक्षण करू शकते. हे प्रतिपिंड गर्भवती मातेच्या वारेतून गर्भाच्या रक्तात जाते आणि अशा शंभर गर्भांपैकी सुमारे एक-दोन गर्भांच्या हृदयाच्या संदेशवाहक तंतूंना इजा करते. बालकाच्या नाडीची गती कायमची मंदावते. पूर्वसूचना असेल तर गर्भाच्या हृदयावर लक्ष ठेवता येते. रोगाचे निदान झालेल्यांनाही सावध राहावे लागते, कारण शंभरात सुमारे पाच रोग्यांत कालांतराने लसिका-ऊतींचा कर्करोग उद्भवतो. कानाजवळील सूज न ओसरणे ही त्याची एक सूचना असते.

व्याधी समूळ घालवील असे औषध आजवर हाती आलेले नाही. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या औषधांचे प्रयोग चालू आहेत. परंतु रोग्याचे जिणे सुसह्य करणारे उपाय पुष्कळ आहेत: कृत्रिम अश्रू, फ्लुओराइडयुक्त मंजन, दंतवैद्याकडून नियमित तपासणी, घोट घोट पाणी, साखरविरहित चघळगोळी, तंबाखूचा त्याग, आणि वैद्याच्या सल्ल्याने पिलोकार्पिनसारखे ग्रंथींना चेतवणारे औषध. तोंड ओले राहावे म्हणून दिवसभर साखरेच्या गोळ्या चोखणे मात्र घातक. लाळेचे कवच नसलेले दात त्याने झपाट्याने किडतात. हे उपाय वेळेवर मिळाले तर दात वाचतात, दृष्टी सुरक्षित राहते, आणि आपली तक्रार खोटी नव्हती एवढे समाधानही रोग्याला लाभते. ते समाधान क्षुल्लक नव्हे.

विज्ञानाची साधने दिवसेंदिवस सूक्ष्म होत जाणार आणि रक्ताच्या एका थेंबातून आज कळते त्याहून कितीतरी अधिक उद्या कळणार, यात शंका नाही. परंतु त्या थेंबाला प्रश्न कोणता विचारावयाचा, हे रोग्याशी बोलल्यावाचून ठरत नाही. सरोजिनी नगरातील त्या गृहिणीला लू संपल्यावरही तहान का लागते, हे तिला कोणीतरी स्वस्थपणे विचारले पाहिजे. तिचे उत्तर ऐकून घेतल्यावर रक्ताची साक्ष काढावी. त्याआधी काढलेली साक्ष कितीही चमकदार असली, तरी ती कोणाच्या खटल्यातील आहे हे कळावयाचे नाही.